द स्केल्ड: अमंग असमधला पहिला नकाशा अजूनही पहिल्या नंबरवर

अमंग अस हा ऑनलाइन खेळ आहे: क्रूमेट टास्क, म्हणजे छोटी कामं, पूर्ण करतात, त्यांच्यातच लपलेले इम्पोस्टर त्यांना मारतात, आणि बॉडी सापडली की सगळे मीटिंगमध्ये चर्चा करून मतदानाने कोणाला बाहेर काढायचं ते ठरवतात. २०१८ साली तो आला तेव्हा त्यात एकच नकाशा होता, द स्केल्ड नावाचं अंतराळयान. पुढे मीरा एचक्यू, पोलस, एअरशिप, फंगल अशी भर पडत गेली. ते सगळे मी खेळते, एअरशिप तर आवडीने. पण ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की मी लॉबीत (खेळ सुरू होण्याआधी सगळे जमतात तिथे) स्केल्डच लावते, जुन्या मंडळींनी कितीही कुरकुर केली तरी. कारण हा खेळ जिंकला-हरला जातो मीटिंगमध्ये, आणि मीटिंगमध्ये "तू कुठे होतास?" या प्रश्नाला पडताळता येईल असं उत्तर इथे जितकं मिळतं तितकं दुसऱ्या कुठल्याच नकाशावर मिळत नाही.

चौदा खोल्या आहेत. मधोमध वर कॅफेटेरिया, बरोबर खाली स्टोरेज. डावीकडे मेडबे, दोन इंजिनं, सिक्युरिटी, रिअॅक्टर आणि इलेक्ट्रिकल. उजवीकडे अॅडमिन, वेपन्स, ओटू, नेव्हिगेशन, शील्ड्स, कम्युनिकेशन्स. एवढं तर दोन-चार राउंडमध्ये पायाखालचं होतं. खरा अभ्यास व्हेंटचा, म्हणजे इम्पोस्टर ज्यांतून एका खोलीतून दुसरीत गुपचूप जातात त्या झरोक्यांचा. मेडबे, सिक्युरिटी आणि इलेक्ट्रिकल आतून जोडलेले आहेत, कॅफेटेरियाचा व्हेंट अॅडमिनला आणि उजवीकडच्या पॅसेजला जातो. वेपन्स आणि शील्ड्स दोन्हीकडून नेव्हिगेशन गाठता येतं, दोन्ही इंजिनांमधून रिअॅक्टर. पण दोन्हीकडे वरची वाट आणि खालची वाट आतून एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. म्हणजे वरच्या इंजिनात उडी मारलेला इम्पोस्टर व्हेंटमधूनच खालच्या इंजिनात निघेल, हे शक्य नाही. स्टोरेज, ओटू आणि कम्युनिकेशन्समध्ये तर व्हेंटच नाही. हे पाठ असलेला माणूस मीटिंगमध्ये वेगळाच बोलतो. बॉडी शील्ड्समध्ये सापडली आणि कोणी मेडबेमधल्यावर बोट दाखवलं, तर तो शांतपणे विचारतो, "तिथून इथे आला कसा?"

अॅडमिनमधलं टेबल मला या नकाशाची सगळ्यात हुशार जागा वाटते. कुठल्या खोलीत किती जण आहेत एवढंच ते दाखवतं, कोण आहेत ते नाही. नवे खेळाडू एक नजर टाकून निघून जातात. थोडा वेळ थांबून बघा. इलेक्ट्रिकलमधला एक जण कमी झाला आणि त्याच क्षणी मेडबेमध्ये एक वाढला, तर कोणीतरी व्हेंटमधून गेलंय, कारण चालत जायला एवढ्या वेळात जमतच नाही. मग पळत मेडबेच्या दिशेने जायचं आणि बाहेर कोण पडतंय ते बघायचं. अॅडमिनमध्येही व्हेंट आहे, तेव्हा उभं राहताना तेवढं भान ठेवा.

सिक्युरिटीतल्या चार कॅमेऱ्यांचं कौतुक लोक जास्त करतात. मला ते अर्धवट वाटतात. कोणी स्क्रीनसमोर बसलं की बाहेर कॅमेऱ्यावर लाल दिवा लुकलुकायला लागतो, आणि सराईत इम्पोस्टर तो बघून सरळ पुढे निघून जातो. इम्पोस्टरने कम्युनिकेशन्स सबोटाज केलं, म्हणजे बिघडवलं, की कॅमेरे आणि टेबल दोन्ही बंद पडतात.

आता इलेक्ट्रिकल. आत-बाहेर करायला एकच दार, तेही बाहेरून बंद करता येतं, खोलीतच व्हेंट, आणि वायरिंगपासून डाउनलोडपर्यंत टास्कांची गर्दी. इम्पोस्टरने लाइट घालवले की पाचही स्विच हिरवे करायला यायचंही इथेच. क्रूमेटला तेव्हा हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसत नाही, इम्पोस्टरला सगळं दिसत असतं. ही खोली अन्यायकारक आहे अशी तक्रार मी सारखी ऐकते, पण माझ्या मते डाव्या बाजूला जीव आहे तो हिच्यामुळेच. आमचा नियम साधा आहे: इलेक्ट्रिकलला तिघांनी जायचं. दोघं गेले आणि एकच परत आला तर निदान संशय कोणावर घ्यायचा हा प्रश्न उरत नाही, पण तोवर एक जण गेलेला असतो.

नव्यांसाठी आणखी एक गोष्ट. कार्ड स्वाइप आणि वायरिंग हे इथले कॉमन टास्क. आले तर सगळ्या क्रूमेटना येतात, नाहीतर कोणालाच नाही. तुमच्या यादीत कार्ड नसताना अॅडमिनमध्ये कोणी कार्ड स्वाइप करत उभं दिसलं, की तातडीची मीटिंग बोलावणारं बटण दाबायला कॅफेटेरियाकडे सुटा. मेडबेमधलं स्कॅन किंवा वेपन्समधल्या उल्का फोडणं बाकीच्यांना दिसतं, त्यामुळे ते करणारा संशयातून शंभर टक्के सुटतो. होस्टने व्हिज्युअल टास्क बंद ठेवले असतील तर मात्र हा पुरावा मिळत नाही. मी ते बंदच ठेवते. दोन जण स्कॅन करून सुटले की बाकीच्यांवर चर्चा करायला उरतंच काय?

उणीव आहे ती उजव्या बाजूची. तिकडे एकाही खोलीला दार नाही, त्यामुळे इम्पोस्टरला कोणाला कोंडता येत नाही. नेव्हिगेशन सोडलं तर तिकडे भीतीही फारशी वाटत नाही. २०२१ मध्ये खेळाडूंची मर्यादा दहावरून पंधरा झाली, तेव्हापासून हे पॅसेज गजबजून गेलेत. भरलेल्या लॉबीत पहिल्या मीटिंगपर्यंत कोणी एकटं सापडतच नाही. पंधरा जण असतील तर पोलस किंवा एअरशिप लावा. स्केल्डवर आठ ते दहा जण, दोन इम्पोस्टर आणि बोलायला भरपूर वेळ, एवढं सेटिंग ठेवा.