शेतासाठी एटीव्ही, वर्षभर वापरल्यावर: सीसी मागून विचारा, आधी बेल्टला हवा कुठून जाते ते बघा

बेल्ट जळाला. एटीव्हीचा, म्हणजे मोटरसायकलसारख्या हँडलच्या, चार जाड टायरच्या, रानात चालणाऱ्या गाडीचा. मोसंबीचे क्रेट भरलेली ट्रॉली मागं, खालच्या रानातून वर यायलो होतो, मध्ये ओढ्याचा चढ लागतो तिथं इंजिन ओरडायलंय पण चाकं हलेनात, आणि सीटखालून रबर जळाल्याचा वास आला. वास ओळखायला मेकॅनिक लागत नाही. तिथून गाडी बैलगाडीच्या रस्त्यानं ट्रॅक्टरला बांधून आणली, त्या दिवशी ठरवलंच होतं की याच्यावर लिहायचं आणि एका ओळीत लिहायचं, घेऊ नका. मग पुढं दोन आठवड्यात जे झालं त्यानं मत बरंच बदललं, म्हणून ही एक ओळ आता एवढी लांबलीय.

आधी सांगतो वापर काय आहे, कारण त्याच्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. बीड जिल्हा, बालाघाटाची बाजू. खाली ओढ्याकाठी काळं रान, तिथं मोसंबी आणि कापूस, वर मुरमाड माळ, तिथं सीताफळ. दोन्हींत चढ-उतार आणि पांदण रस्ता. पांदण म्हणजे कागदावर रस्ता. २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धीची पाणंद योजना आली, आमच्या शेजारच्या शिवारात काम झालं बी, आमच्याकडं अजून तीच चिखलाची खोंगळ. जूनपासून दिवाळीपर्यंत मोटरसायकल अर्ध्यात ठेवून चालत जावं लागायचं, आणि रात्रपाळीची थ्री फेज लाईट आली की दारं धरायला तेवढंच चालत. रानडुकरं आणि रोही यांची जागल वेगळीच. तर मशीन म्हणजे ५०० सीसीच्या वरची, फोर बाय फोर, बेल्टवाली, पॉवर स्टिअरिंग, मागं हुक, पुढं विंच (दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण मशीनशी कमी आणि सर्व्हिसशी जास्त आहे, आणि बेल्टचं जे सांगतोय ते या वर्गातल्या बहुतेक मशीनला लागू आहे.

लोक भेटले की पहिलं विचारतात किती सीसी, दुसरं किती ॲव्हरेज, तिसरं केवढ्याला पडली. बेल्टचं एकानं विचारलं नाही. घेताना डीलरनं बी सांगितलं नाही, त्यानं हेडलाईट दाखवल्या, डिस्प्ले दाखवला, मोबाईल चार्जिंग दाखवलं.

बेल्टचं काम स्कूटीसारखंच. दोन पुल्या, एक इंजिनच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या, मध्ये रबरी बेल्ट, आणि सगळी ताकद नुसत्या घर्षणानं इकडून तिकडं जाते. घर्षण म्हणलं की उष्णता आली. ती बाहेर काढायला एक नळी पुढून हवा ओढते, पुलीला पंख्यासारखी पाती असतात ती हवा फिरवतात, आणि दुसऱ्या नळीनं गरम हवा मागं बाहेर. ही हवा बंद झाली की चांगला बेल्ट बी टिकत नाही. स्कूटीवर दोन माणसं बसतात, इथं तीनशे किलोच्या वरची गाडी, माणूस, मागं ट्रॉली आणि खाली चाकाला धरून बसणारी काळी माती. म्हणून मी म्हणतो की मराठवाड्यात एटीव्ही घेणाऱ्यानं शोरूममध्ये गेल्यावर पहिल्यांदा पुढचं प्लास्टिक वर करायला लावायचं आणि विचारायचं की बेल्टच्या हवेचं तोंड कुठंय, किती उंचीवरंय, त्याला जाळी किंवा फिल्टर आहे का, आणि साफ करायला किती पार्ट खोलावे लागतात. ज्याला उत्तर येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता भांडण. डीलर पुण्याचा. संभाजीनगरात सर्व्हिस होईल असं घेताना बोलले होते, प्रत्यक्षात गाडी टेम्पोत घालून पुण्याला न्यावी लागते, त्याचं भाडं आपलं. जळायच्या महिनाभर आधीच तिथं सर्व्हिस झाली होती, बिलात ‘सीव्हीटी क्लीनिंग’ (सीव्हीटी म्हणजे हीच बेल्ट-पुल्यांची जोडणी) म्हणून वेगळी ओळ आणि वेगळे पैसे. बेल्ट जळाल्यावर फोन केला तर म्हणे बेल्ट कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही. बरं, ते मान्य, ब्रेक लायनर बी येत नाहीत. पुढं म्हणे पुढची पुली बी गेली असणार, पूर्ण क्लच असेंब्ली बदलावी लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात एक चांगली दुभती म्हैस येते. गाडी न बघता, फोनवर. फोटो पाठवू का म्हणलं तर गाडीच आणा.

मी गेलो नाही. आमच्याकडं एक मिस्त्री हायत, ऊसतोडीच्या हंगामात हार्वेस्टरवर जातात, एरवी स्कूट्या आणि फवारणी पंप बघतात. त्यांना म्हणलं, ‘अप्पा, हे स्कूटीसारखंच आहे म्हणे, बघता का?’ त्यांनी सावकाश कव्हर खोललं, आतली बेल्टची काळी भुकटी ब्रशनं झाडली, पुलीच्या दोन्ही तोंडांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘पुलीला काही झालं नाही दादा, नुसतं रबर चिकटलंय, पॉलिश पेपरनं निघंल. पर हिला हवाच नाही मिळाली.’ मग पुढचं प्लास्टिक काढून हवेच्या नळीत वायर घातली, तर आतून कापूस आणि तुरीचं भुसकट निघालं, उंदरानं घर केलं होतं, ओंजळभर माल. वाळलेला, दाबून बसलेला, जुना. एका महिन्यातला नव्हता तो. म्हणजे ज्यांनी क्लीनिंगचे पैसे घेतले त्यांनी नळीत डोकावून बघितलं नाही. अप्पा फोटो काढायला थांबले म्हणून माझ्याकडं पुरावा आहे.

बेल्ट ऑनलाईन मागवला, पार्ट नंबर जुन्या बेल्टवरून आणि मॅन्युअलवरून दोन्हीकडून जुळवून. पंधरा हजाराच्या पुढं गेला, स्वस्तातले सहा हजारात बी दिसतात पण अप्पांनी नको म्हणलं आणि मला बी पटलं. नवीन बेल्ट टाकल्यावर पहिले काही तास निवांत चालवायची, लगेच ट्रॉली लावायची नाही, रबर पुलीवर बसू द्यायचं. आणि एक, ओझं असेल, चढ असेल, चिखल असेल तर लो गिअरच. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या खालचं सगळं काम लोमध्ये. आमच्या शिवारात एटीव्ही म्हणलं की पोरं हायमध्ये टाकून चढ चढवतात कारण लोमध्ये आवाज जास्त येतो आणि पळत नाही, पण आवाज झाला तरी बेल्ट थंड राहतो. ओढ्यातून गेल्यावर कव्हरमध्ये पाणी गेलं तर बेल्ट घसरतो, तेव्हा रेस देऊन रेटायचं नाही, खालचा बूच काढून पाणी सोडायचं, न्यूट्रलमध्ये जरा फिरवायची, वाळतो.

आता नळीच्या तोंडाला मच्छरदाणीपेक्षा जाड अशी स्टीलची जाळी बसवलीय, आणि गाडी कापसाच्या खोलीतून काढून गोठ्याच्या पडवीत आणली. तेव्हापासून कापसाची वेचणी झाली, मोसंबीचा मृग बहार उतरवला, त्याच ट्रॉलीनं, त्याच चढावरून. वास नाही, धडधड नाही. म्हणून ‘घेऊ नका’ काढून टाकलं.

बाकीचं पटकन सांगतो. मागच्या रॅकवर ऐंशीएक किलोच चालतं, पुढं चाळीसच्या आसपास. लोक शंभर लिटरची फवारणीची टाकी लावतात, पाणीच शंभर किलो झालं, वर टाकी आणि पंप. उतारावर ते पाणी पुढं आदळतं आणि पुढची चाकं जड, मागची हलकी होतात. साठ लिटरची लावा, एक फेरी जास्त मारा. बांध तिरका ओलांडायचा नाही, सरळ तोंड करून जायचं. अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही विकणं १९८८ ला बंद झालं ते पलटी खाऊन माणसं गेल्यामुळंच, चौथ्या चाकानं धोका कमी झाला, संपला नाही. सोळाच्या खालच्या पोरांना मोठी मशीन द्यायची नाही असं कंपन्या स्वतः मशीनवर स्टिकर लावून सांगतात आणि आपल्याकडं नववीतलं पोरगं दूध घालायला घेऊन जातं, ते बघून जीव खालीवर होतो. हेल्मेट घाला, रानात कोण बघतंय म्हणू नका.

टायर हा दुसरा विषय. यात हवा पाच ते सात पीएसआय लागते, आपल्या पंक्चरवाल्याच्या मीटरवर पाच दिसतच नाही, तो सवयीनं पंचवीस मारून देतो आणि मग गाडी चेंडूसारखी उडते आणि चिखलात पकड जाते. लो प्रेशरचं छोटं मीटर वेगळं मिळतं ते घ्या, सोबत हातपंप. वेड्या बाभळीचा काटा सहा प्लायच्या (थरांच्या) टायरला बी सोडत नाही, सीलंट भरा. माळावर मात्र काट्यापेक्षा बेसॉल्टच्या धारदार दगडांनी टायरची बाजू कापली जायची भीती जास्त, तिथं सीलंटचा उपयोग नाही.

काळ्या रानात पावसात काय होतं ते विचारतात. खरं सांगायचं तर भर पावसात पेरलेल्या काळ्या रानात कुठलंच चाक घालू नये, ही माती भिजली की फुगते, चाकाला थर धरते आणि दाबली की पुढं घट्ट होऊन बसते. पण बांधाबांधानं, पांदणीनं ही जाते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत हिनं माझे पैसे फेडले असं मी मानतो. त्या आठवड्यात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहितंय, रानंच्या रानं खरडून गेली. आमचा ट्रॅक्टर पांदणीतच एक्सलपर्यंत बसला होता, ओढ्याचं पाणी चढायलं होतं आणि काठावरची मोटर, स्टार्टर, ठिबकचा फिल्टर सगळं तिथंच. हिच्यावर दोघं भाऊ गेलो नाही, कारण एकाच माणसाची सीट आहे, मी गेलो आणि तो मागं दोर धरून चालत. विंचनं मोटर वर ओढली. नंतर शेजारच्या वस्तीवरल्या म्हाताऱ्या आजीच्या बीपीच्या गोळ्या बी हिच्यावरच पोचवल्या, चार दिवस दुसरं काही तिकडं जात नव्हतं. अशा वेळी पेट्रोल किती खाल्लं ते मी मोजलं नाही. एरवी मोजतो, आणि पेट्रोल आपल्या भागात स्वस्त नाही, परभणीवाल्यांना विचारा. हिचं ॲव्हरेज किलोमीटरवर काढू नका, तासावर काढा.

हौसेनं फिरायचं म्हणाल तर बालाघाट त्याला राजा आहे. मांजरसुंब्यापासून पाटोद्याकडं जो माळ पसरलाय, पावसाळा संपता संपता गवत पिवळं पडायला लागतं, तिथं स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या रानातनं, विचारून, सकाळी फिरणं याच्यासारखं सुख नाही. दगडगोट्यांच्या उतारावर इंजिन ब्रेकिंग फार कामाचं, ब्रेक दाबत बसायची गरज पडत नाही. पण सौताड्याच्या दरीच्या बाजूला, नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूला हे नेऊ नका. अभयारण्यात आणि वनजमिनीवर परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे आणि मोरांच्या जागेत हा आवाज नकोच. डांबरी रस्त्यावर बी, पासिंग नसलेली एटीव्ही नेता येत नाही, विमा मिळत नाही, काही झालं तर सगळं अंगावर. दोन रानांमध्ये हायवे येत असेल तर घ्यायच्या आधी याचा विचार करा.

मिनी ट्रॅक्टर का नाही घेतला, हे घरातले अजून विचारतात. त्याला महाडीबीटीवर अनुदान निघतं, अवजारं फिरवायचा पीटीओ शाफ्ट असतो, रोटाव्हेटर चालतो, गावात दुरुस्त होतो. ज्याला एकच मशीन परवडते त्यानं डोळे झाकून मिनी ट्रॅक्टर घ्यावा, एटीव्ही नांगरत नाही. आमच्याकडं ट्रॅक्टर होता, मला रोजच्या जाण्या-येण्याला, फवारणीला, क्रेटला, जागलीला हलकं आणि कुठंबी जाणारं पाहिजे होतं. आणि ऑनलाईन दिसतात त्या ८० हजाराच्या चेनवाल्या ११०-१२५ सीसीच्या, त्या फार्महाऊसच्या अंगणासाठी ठीक, मागं सरळ एक्सल, खाली उंची कमी, त्यांच्याकडून ट्रॉली ओढायची अपेक्षा ठेवू नका.

दोन जुने बेल्ट-मशीनवाले ओळखीचे हायत, एक जालन्याकडं मोसंबीवाला, एक धाराशिवकडं. दोघांना फोन करून नळी खोलायला लावली. जालनावाल्याच्या नळीत वाळलेला चिखल निघाला, मूठभर. त्याचा बेल्ट अजून चांगला आहे, आता टिकंल.

डीलरला क्लीनिंगचे पैसे आणि बेल्टचे पैसे परत मागितलेत, लेखी, फोटोसकट. उत्तर आलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, त्यांनी नंबर दिला. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही, म्हणून बीडच्या ग्राहक आयोगात टाकायची तयारी चाललीय, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाईन भरता येतं. सर्व्हिस बिलावर ‘सीव्हीटी क्लीनिंग’ लिहून घेतलंय ना ते प्रत्येकानं बघत जा, आणि जुना पार्ट, जळालेला असला तरी, त्यांच्याकडं सोडू नका. माझा बेल्ट पोत्यात बांधून ठेवलाय.