नॉटमच : मराठी पत्रव्यवहाराच्या जुन्या साठ्यात शोध घेताना

गेल्या वर्षी आमच्या पुण्यातील गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाची बोलणी शेवटच्या टप्प्यात आली असताना विकासकाच्या प्रतिनिधीने विशेष सर्वसाधारण सभेत ठामपणे सांगितले की, प्रत्येक सदनिकेमागे एक आच्छादित वाहनतळ देण्याचे लेखी आश्वासन त्यांच्याकडून कधीच दिले गेले नव्हते. ते पत्र मी सचिव या नात्याने २०१४ साली स्वतः वाचले होते; परंतु ‘वाचल्याचे आठवते’ या वाक्याला सभेत काहीही किंमत नसते. संस्थेच्या ईमेल खात्यात सुमारे ४१ हजार पत्रे साठलेली होती. वेबमेलच्या शोधखिडकीत ‘वाहनतळ’ हा शब्द घातल्यावर तीन असंबद्ध पत्रे समोर आली आणि शोध तिथेच थांबला.

सगळी पत्रे एमबीसिंक या साधनाने आधीच माझ्या संगणकावर उतरवलेली असल्यामुळे पुढचा प्रयत्न मी फाइलींतील मजकूर ओळीओळीने शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेने केला, आणि त्याच्या हाती एकही ओळ लागली नाही. कारण समजून घेतल्यावर आश्चर्य उरले नाही. देवनागरीतला मजकूर ईमेलमधून बहुधा जसाच्या तसा प्रवास करत नाही. तो बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या पद्धतीने रोमन अक्षरांत आणि अंकांत गुंडाळला जातो, विषयाची ओळसुद्धा त्यातून सुटत नाही. त्यामुळे फाइल उघडून पाहिली, तर ‘वाहनतळ’ हा शब्द त्या रूपात तिच्यात नसतोच. इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्याचे काम ग्रेपवर काही प्रमाणात भागते. मराठीत लिहिणाऱ्याचे ते मुळीच भागत नाही.

या ठिकाणी नॉटमच उपयोगी पडले, आणि वर्षभराच्या वापरानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते पत्रे आणत नाही आणि पाठवतही नाही. ते केवळ साठवलेल्या पत्रांची सूची बांधते आणि त्या सूचीत शोध घेऊन देते. पत्र उलगडून वाचण्याचे काम जीमाइम ही लायब्ररी करते, तर सूचीचे काम झेपियन हे शोधयंत्र सांभाळते. प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइलमध्ये असणे, जसे मेलडिर पद्धतीच्या साठ्यात असते, ही त्याची अट आहे. निर्यात करून घेतलेली, सगळी पत्रे एकत्र असलेली एकच मोठी एमबॉक्स फाइल असेल, तर ती आधी फोडून घ्यावी लागते.

मांडणी सोपी आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘नॉटमच सेटअप’ ही आज्ञा दिली की आपले नाव, ईमेलचे पत्ते, साठ्याची जागा आणि नव्या पत्रांना कोणती खूणचिठ्ठी (टॅग) लावायची असे मोजके प्रश्न विचारले जातात. त्यानंतर ‘नॉटमच न्यू’ पहिल्यांदा चालवताना संपूर्ण साठा वाचला जातो, म्हणून तेवढा वेळ हाताशी ठेवावा. पुढच्या वेळी ज्या फोल्डरांत बदल झाला आहे तेवढीच तपासली जात असल्याने काम चटकन उरकते. एकाच पत्राच्या दोन-तीन फोल्डरांत प्रती असल्या, तरी मेसेज-आयडी या पत्राच्या ओळखचिन्हावरून ते एकच पत्र मानले जाते, ही बारीकशी गोष्ट माझ्या फार कामाला आली.

वाहनतळाचे पत्र मला ज्या शोधाने सापडले, त्यात जून ते डिसेंबर २०१४ ही तारखांची मर्यादा होती आणि ‘वाहनतळ’, ‘पार्क’ ही दोन मुळे, प्रत्येकापुढे तारा (*), म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’ अशी खूण लावून, ‘ऑर’ (किंवा) या शब्दाने जोडलेली होती. उत्तरादाखल आलेल्या ओळींपैकी एकीवर चौकटी कंसात ‘१/१४’ असे लिहिलेले होते, म्हणजे चौदा पत्रांच्या साखळीतील एकच पत्र जुळत होते. नावांमध्ये आधी जुळणाऱ्या पत्राच्या लेखकाचे नाव, मग एक उभी रेघ आणि तिच्यापुढे साखळीतील इतरांची नावे. साखळीचा विषय होता ‘गच्चीवरील गळती’. गळतीच्या चर्चेत नवव्या उत्तरात, अगदी जाता जाता, ते आश्वासन दिलेले होते. केवळ विषयाच्या ओळी चाळून ते पत्र मला आयुष्यात सापडले नसते.

मात्र मराठी वाचकाने एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. शब्दाचे मूळ ओळखण्याची यातील सोय इंग्रजीपुरती आहे. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘ठराव’ शोधल्यास ‘ठरावाच्या’ किंवा ‘ठरावानुसार’ सापडत नाही. शब्दापुढे तारा लावला की सापडते. ‘नकाशा’ऐवजी ‘नकाश’पुढे तारा लावावा, म्हणजे ‘नकाशे’ही येतात; ‘पावत’पुढे लावला तर ‘पावती’ आणि ‘पावत्या’ दोन्ही मिळतात. खरी अडचण सामान्यरूपात आतला स्वर बदलतो तिथे येते. ‘वीज’चे ‘विजेचे’ होते, ‘तारीख’चे ‘तारखेला’ होते, आणि मग ताऱ्याचाही उपाय चालत नाही. दोन्ही रूपे ‘ऑर’ने जोडावी लागतात. मी सुरुवातीला ‘विज’ एवढाच तुकडा दिला, तेव्हा आमच्या संस्थेतील विजय नावाच्या प्रत्येक सभासदाचे पत्र हजर झाले. ‘विजे’ दिल्यावर महावितरणच्या बिलांचा पत्रव्यवहार तेवढा उरला. ‘सभा’पुढे तारा लावाल, तर ‘सभासद’ आणि ‘सभागृह’ही येणार, हे गृहीत धरावे. शोधाचा मजकूर अवतरणचिन्हांत घालायला विसरू नये, अन्यथा त्या ताऱ्याचा अर्थ नॉटमचच्या आधी शेल, म्हणजे टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा कार्यक्रमच, लावू पाहतो.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जोडपत्राचे नाव शोधता येते, पण पीडीएफच्या आतील मजकूर शोधला जात नाही. आमची बहुतेक इतिवृत्ते पीडीएफमध्येच असल्याने ही उणीव मला रोज जाणवते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर पत्रात थेट चिकटवलेला असेल, तर तो यंत्राच्या दृष्टीने निरर्थक रोमन अक्षरेच असतो. काही टर्मिनलांत जोडाक्षरे तुटलेली दिसतात. शोधाला त्याने बाधा येत नाही, तरी डोळ्यांना त्रास होतो, म्हणून दीर्घ वाचन मी ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी नॉटमचसोबत मिळणाऱ्या दर्शनीत करते.

याच कामासाठी म्यू आणि मेअरिक्स ही साधनेही आहेत. मेअरिक्स सापडलेल्या पत्रांचा एक वेगळा फोल्डरच तयार करून देते आणि एमबॉक्सही वाचते, त्यामुळे मट हा टर्मिनलमधला ईमेल-वाचक वापरणाऱ्याला ते सोयीचे वाटेल. म्यूचा शोध उत्तम आहे आणि जोडपत्रे बाहेर काढून ठेवण्याची त्याची आज्ञा मला विशेष आवडली. तरीही मी नॉटमचवर स्थिरावले, ते त्याच्या खूणचिठ्ठ्यांमुळे. ‘पुनर्विकास’, ‘लेखापरीक्षण’, ‘गळती’ अशा चिठ्ठ्या शेकडो पत्रांना एका आज्ञेत लावता येतात आणि त्या सूचीत राहतात; पत्राच्या मजकुरातील एक अक्षरही बदलत नाही. वाचले-न वाचले अशा मोजक्या खुणा मेलडिरशी जुळवून घेण्याची सोय चालू असेल, तर फाइलचे नाव तेवढे बदलते. ज्या पत्रांचा उद्या पुरावा म्हणून उपयोग होऊ शकतो, त्यांच्याबाबत हे मला फार महत्त्वाचे वाटते.

चिठ्ठ्या सूचीत असल्यामुळे सूची गेली की त्याही जातात, म्हणून ‘नॉटमच डंप’ने त्यांची मजकूर-फाइल नियमितपणे काढून ठेवावी. ती मेसेज-आयडीनुसार लिहिलेली असल्याने तीच पत्रे असलेल्या दुसऱ्या संगणकावर ‘रिस्टोअर’ करता येते. मार्चमध्ये मी सचिवपद सोडले, तेव्हा नव्या सचिवांच्या हाती पत्रांचा साठा, ही फाइल आणि शब्दांच्या मुळांची मी हाताने केलेली दोन पानी यादी दिली; त्या यादीत ‘वीज’समोर ‘विजे’ आणि ‘तारीख’समोर ‘तारख’ असे लिहिलेले आहे.