सेशेल्सची बोट बुक करताना पाच लाख गेले, तुम्ही तरी वाचा

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, कारण खरं सांगायचं तर लाज वाटते. पन्नाशीला टेकलेली शिकलीसवरलेली माणसं आम्ही, त्यात मी दोन वर्षं दर रविवारी गेटवेसमोर शिडाची बोट शिकायला जाणारा, म्हणजे ग्रुपमधला समुद्रातलं कळणारा माणूस मीच आणि सगळ्यांना घेऊन बुडालो तोही मीच. पण गेल्या आठवड्यात ऑफिसमधला एक जण म्हणाला की तो दिवाळीसाठी असंच कॅटामरान, म्हणजे जोड सांगाड्याची मोठी बोट, भाड्याने बघतोय, रेट एकदम भारी मिळालाय, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आम्ही कॉलेजचे चार मित्र आणि चौघांच्या बायका, असे आठ जण. एकाची ऑगस्टमध्ये पन्नाशी. मालदीव सगळ्यांचं करून झालंय, म्हणून सेशेल्स, आणि हॉटेल नको, आठवडाभर बोटीवरच राहू असं ठरलं. कागदावर सगळं इतकं सोपं दिसत होतं ना. मुंबईहून माहेला, म्हणजे तिथल्या मुख्य बेटाला, थेट विमान, व्हिसा लागत नाही, फक्त ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन काढायचं. माहेहून प्रालँ बेट पंचवीसेक सागरी मैल, आणि त्याच्या आजूबाजूला ला दीग, क्युरियूज अशी बेटं इतकी जवळजवळ की सकाळी शीड उभारायचं आणि दुपारी दुसऱ्या बेटावर नांगर टाकायचा. प्रालँवर ते व्हॅली द मेचं जंगल, आपल्याकडे दर्याई नारळ म्हणतात ना त्याची झाडं तिथली, 1983 पासून जागतिक वारसा आहे. मी तर रात्री झोपायच्या आधी नकाशा बघत बसायचो, बायको म्हणायची बास आता, पाठ झाला असेल.

बोटीचं गणित असं असतं की नुसती बोट भाड्याने घेतली तर चालवायला तुमच्याकडे रीतसर सर्टिफिकेट लागतं, ते आमच्याकडे नाही, माझं रविवारचं शिकणं तिथे कोण विचारतो. म्हणजे स्किपर (बोट चालवणारा) आणि जेवण करणारा माणूस धरून घ्यायची. दोन ठिकाणांहून कोटेशन आलं, दोन्ही तेरा हजार युरोच्या वर, आणि खाणंपिणं, डिझेल, मरीन पार्कची फी हे वेगळं, त्यासाठी आधी ॲडव्हान्स भरून ठेवायचा आणि उरला तर परत. सगळ्यांचे चेहरे पडले. आणि नेमकी त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली, चार केबिनची कॅटामरान, आठ जण, सात रात्री, स्किपर, कुक, जेवण, डिझेल सगळं धरून 9,200 युरो.

नाव एका ओळखीच्या कंपनीसारखं वाटेल असं, वेबसाइट झकास, फोटो असे की बघतच राहावं. व्हॉट्सॲपवर बोलणारा माणूस एकदम गोड. माझ्या प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर, पण फक्त टाईप करून. फोन केला की "आत्ता समुद्रात आहे, नेटवर्क नाही", व्हिडिओ कॉल तर कधीच नाही. नेटवर्क नाही तर पाच मिनिटांत मेसेज कसा येतो हे मला तेव्हा सुचलं नाही, आता रोज सुचतं.

आता जे डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही ते सांगतो. मी विचारलं ऑगस्टमध्ये समुद्र कसा असतो, तो म्हणाला तळ्यासारखा शांत. अरे बाबा, मे ते ऑक्टोबर तिकडे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर जोर असतो, हे मी स्वतः वाचलेलं होतं, शांत हवी असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आधीच्या दोन महागड्या लोकांनीही सांगितलं होतं की वारा असेल, बोट हलेल, कुणाला बोट लागत असेल तर विचार करा. मला वाटलं ते उगाच घाबरवतायत आणि हा पॉझिटिव्ह आहे.

दुसरं म्हणजे त्याने दिलेला दिवसवार कार्यक्रम. चौथ्या दिवशी कुझां बेटावर रात्रीचा बार्बेक्यू आणि मुक्काम. हे बेट 1968 मध्ये पक्षी वाचवायला म्हणून विकत घेतलेलं आहे, सेशेल्स वॉर्बलर नावाचा चिमुकला पक्षी तेव्हा जगात तिथेच उरला होता. तिथे पाहुणे दिवसाच जातात, तेही राखीव क्षेत्राच्या माणसांनी त्यांच्याच होडीतून किनाऱ्यावर नेलं तर, रात्री राहायचा प्रश्नच नाही. सेशेल्समध्ये बोट चालवणारा माणूस हे लिहील का? पण आमच्या ग्रुपवर "बार्बेक्यू" वाचून नुसते बदामाचे इमोजी.

तिसरं बँकेचं, आणि ह्यात चूक शंभर टक्के माझी. कार्डने भरतो म्हटलं तर म्हणाला कार्डला चार्ज पडतो, वायर ट्रान्सफर करा, पाच टक्के कमी करतो. खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते नंबर, आला तो एलटीने सुरू होणारा. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, एससी म्हणजे सेशेल्स, एलटी म्हणजे लिथुएनिया. खातं बोट कंपनीच्या नावावर नाही, कुठल्यातरी कन्सल्टिंगच्या नावावर. विचारलं तर "आमचं युरोपातलं कलेक्शन अकाउंट आहे". आणि वर सल्ला, परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरतात त्या ए-टू फॉर्मवर कारण गिफ्ट लिहा, टूर लिहिलं तर टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापतील. टीसीएस तर रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, मग वाचवलं काय? पण मी लिहिलं गिफ्ट. फॉर्मवर सही माझी, त्यामुळे पुढे बँकेत आणि पोलिसांत दोन्हीकडे मान खाली घालून हेच आधी सांगावं लागलं.

मार्चमध्ये निम्मे म्हणजे 4,600 युरो गेले, पाच टक्के सवलत म्हणे शेवटच्या हप्त्यात वळती होणार होती. एप्रिलमध्ये मरीन पार्कचं परमिट म्हणून अजून 800, जेवण डिझेल सगळं धरून म्हणाला होता ना, मग हे कुठून आलं असं एकीनेच विचारलं, तिला आम्ही गप्प केलं. वर आठही जणांच्या पासपोर्टच्या कॉप्या दिल्या. पैसे सगळे मिळून गेले पाच लाखाला थोडे कमी.

उलगडा झाला तो मालवणात. मे महिन्याच्या शेवटी मामाकडे गेलो होतो. मामा जन्मभर तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, आता गुडघ्यांमुळे जात नाही, पण 1 जूनपासून मासेमारी बंद होते म्हणून होडी ओढून झापांनी शाकारायचं काम अंगणातून बसून ओरडत करून घेत होता. मी कौतुकाने फोटो दाखवले. त्याने चष्मा लावला, फोटो पुढे-मागे केले आणि म्हणाला, "मेल्या, ही एक होडी नाय, दोन आसत." मी म्हटलं काय पण मामा. तर म्हणे, "ह्या फोटूत बाजूक खिडक्यो तीन, ह्यात चार. मोज."

मोजल्या. तीन आणि चार.

तिथेच फणसाच्या झाडाखाली बसून मी पहिल्यांदा फोटो उलटे सर्च केले, म्हणजे तेच फोटो नेटवर अजून कुठे आहेत ते शोधलं, जे मार्चमध्ये दोन मिनिटांत झालं असतं. एक बोट निघाली कॅरिबियनमधली, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला भाड्याने जाणारी, तिच्या मागच्या बाजूचं नाव ह्यांनी पुसून टाकलेलं. दुसरी कुणाची तरी ग्रीसमधली, विक्रीला काढलेली. त्याला मेसेज केला की आजची तारीख कागदावर लिहून डेकवर धर आणि फोटो पाठव. दोन निळ्या टिका आल्या, मग प्रोफाइल फोटो गेला, मग काहीच नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेत जाऊन रिकॉलची, म्हणजे पैसे परत मागवायची, रिक्वेस्ट दिली. 1930 वरची बाई खरंच चांगली बोलली, पण म्हणाली तुम्ही दोन महिन्यांनी येताय, हे पहिल्या काही तासांत कळवायचं असतं, तेव्हा पैसे वाटेत अडवायचा तरी चान्स असतो. तीन आठवड्यांनी समोरच्या बँकेचं उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. कार्डने भरले असते तर निदान चार्जबॅकसाठी, म्हणजे कार्डच्या बँकेकडून पैसे परत मिळवायला, भांडता आलं असतं. फॉर्मवरच्या त्या गिफ्टचं काय करायचं ते आता सीएला विचारलंय, तो अजून हसतोय.

त्या ऑफिसमधल्या माणसाला मी एवढंच करायला लावलं की बोटीचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर माग, आणि सेशेल्समध्ये भाड्याच्या बोटीला लायसन्स लागतं त्याची कॉपी माग, मग ती बोट ज्या मरीनात (बोटींच्या धक्क्यावर) उभी असते म्हणतात तिथला नंबर स्वतः शोधून फोन लाव, त्यांनी दिलेला नंबर नाही. त्याच्या बाबतीत एडन आयलंडचं मरीना सांगितलं होतं, त्याने लावला, अशी बोट आमच्याकडे नाही म्हणाले. त्याचे फक्त दोनशे युरो गेले, "होल्डिंग डिपॉझिट" म्हणून.

विमानाची तिकिटं आम्ही कॅन्सल केली, त्यात अजून थोडे गेले. ज्याची पन्नाशी होती त्याला मी त्याच्या वाट्याचे सव्वा लाख द्यायला गेलो तर वहिनींनी पाकीट परत माझ्या खिशात कोंबलं, दुसऱ्या एकाने मात्र घेतले आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. चौथा हल्ली जरा कमी बोलतो. वाढदिवस आम्ही पावसात मालवणला केला, मामाने कुठून तरी सुरमई पैदा केली. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव अजून "सेशेल्स 8" असंच आहे, बदलायला कुणी हात लावत नाही.