आईच्या रिफंडचे १६ महिने: पॅन, आधार, पासबुक आणि एक लग्नपत्रिका

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. हमाली, तोलाई, आडत वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद काढणं हे माझं रोजचं काम. त्यामुळं आईचा टीडीएस, म्हणजे बँकेनं व्याजातून आधीच कापलेला कर, परत मिळवणं फार तर दोन संध्याकाळचं काम असेल, असं मला वाटलं होतं. मे २०२४ मध्ये सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटचा रुपया खात्यात आला. या काळात आयकराचं पोर्टल मी इतक्या वेळा उघडलं की आईचा पॅन नंबर झोपेतही सांगेन. जे कळलं ते सविस्तर लिहितोय. आमच्यासारखी नावांची गुंतागुंत सांगली-मिरजेच्या घराघरात आहे आणि तिच्यापायी म्हाताऱ्या माणसांचे हक्काचे पैसे अडकून पडलेत.

वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मागं आलेले २० लाख मार्च २०२३ मध्ये आईच्या नावानं एफडीत ठेवले, ७ टक्क्यांनी. वर्षाचं व्याज १ लाख ४० हजार, दर तिमाहीला ३५ हजार. आईला दुसरं उत्पन्न जवळजवळ नाही, म्हणजे कर शून्य. पण एप्रिल २०२४ च्या अखेरीस पासबुक छापून आणलं तर पहिल्या तिमाहीला ३,५०० आणि पुढच्या तिन्ही तिमाहींना ७-७ हजार कापलेले. एकूण २४,५००. पहिल्या वेळी १० टक्के आणि नंतर २० टक्के का, हा प्रश्न मी हिशेबनीस म्हणून स्वतःला विचारला आणि तिथंच मूळ सापडलं. आधारशी न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली होती. निष्क्रिय पॅनवर टीडीएस जास्त दरानं कापला जातो, रिफंड दिला जात नाही आणि तेवढ्या काळाचं व्याजही मिळत नाही. कर कापला जाऊ नये म्हणून ज्येष्ठ नागरिक तेव्हा जो १५एच फॉर्म बँकेत देत, तोही अशा पॅनवर चालत नव्हता.

एक हजार रुपये विलंब शुल्क भरलं आणि पॅन-आधार जोडायला गेलो. नाव जुळत नाही म्हणून विनंती फेटाळली गेली.

मग तिन्ही कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. पॅनवर आईचं माहेरचं पूर्ण नाव, कारण २००६ मध्ये आजोबांच्या जमिनीच्या व्यवहारासाठी मामांनी ते तासगावातूनच काढून घेतलं होतं. आधारवर तिच्या नावाला ‘बाई’ जोडलेलं, मग वडिलांचं नाव, मग आमचं आडनाव. शाळेतल्या शिबिरात आधार काढताना कुणीतरी आदरानं ‘बाई’ लावलं असणार. पासबुकात आडनाव आधी, मग नाव ‘बाई’शिवाय आणि वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. बाई एकच, ओट्यापलीकडं उभी राहून भाकरी थापतीय, आणि कागदांच्या लेखी त्या तीन वेगळ्या व्यक्ती. आई म्हणाली, “आरं, मला समदं गाव वळखतंय, आन् ह्या कागदाला कशी मी वळखू यीना?” तिच्या या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

जन्मतारीख तेवढी तिन्हीकडं एकच होती. त्या वयाच्या बऱ्याच लोकांच्या आधारवर नुसतं वर्ष असतं किंवा १ जानेवारी. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, पॅन जोडताना तारीखही ताडून पाहतात.

आता बदलायचं काय? इथं आम्ही एक निर्णय घेतला आणि तो बरोबर ठरला. आधारला हात लावायचा नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून आधारवर जसं आहे तसं, ‘बाई’सकट, पॅनवर आणायचं आणि मग बँकेत. पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज तेव्हा १०७ रुपयांत व्हायचा, पण लग्नामुळं नाव बदललेल्या बाईला पुरावा द्यावा लागायचा. लग्नाचा दाखला, राजपत्रातली जाहिरात, पतीचं नाव असलेला पासपोर्ट किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. आणि या यादीत आणखी एक गोष्ट होती जी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: लग्नपत्रिका.

आईचं लग्न १९८१ चं, दाखला कधी काढलाच नव्हता. पत्रिका होती, पण आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेचा लगदा झाला होता. फोटो, वडिलांच्या सर्व्हिसची कागदं, सगळं. शेवटी तासगावला मामांना फोन केला. मामांनी तीन दिवस लावले, पण आजोबांच्या सातबाऱ्यांच्या आणि सोसायटीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात त्यांना ती सापडली. गुलाबी कागद, चारी कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं, मध्ये ‘चि. सौ. कां.’ आणि आईचं माहेरचं पूर्ण नाव, खाली वडिलांचं पूर्ण नाव. पॅनवरची बाई आणि आधारवरची बाई एकच आहे हे सांगणारा जगातला तो एकमेव छापील कागद. आईनं तो हातात घेतला आणि कोपऱ्यावरच्या हळदीवरून बोट फिरवलं. ४३ वर्षांनीही त्या हळदीचा पिवळा गेला नव्हता. मी रोज शेकडो पोती हळद बघतो, तरी त्या डागाकडं बघतच राहिलो.

आमचं काम त्या पत्रिकेवर झालं. जुलैच्या सुरुवातीला नवीन पॅन आलं, आधार जोडलं गेलं आणि पॅन सक्रिय झालं. २७ जुलैला आयटीआर-१, म्हणजे साधा रिटर्न भरला. २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, २४,५०० ची नोंद बरोबर दिसत होती. ती नोंद रिटर्न भरण्याआधी बघाच. बँकेनं कापलेले पैसे तुमच्या पॅनवर दिसत नसतील तर रिफंड कशाचा मागणार?

रिटर्न भरला म्हणजे झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. तो ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय केला नाही, म्हणजे आपणच भरल्याची खात्री पटवली नाही, तर भरल्यासारखा धरला जात नाही. उशिरा केला तर ज्या दिवशी व्हेरिफाय केला तोच भरल्याचा दिवस होतो. सोपा मार्ग आधार ओटीपीचा. पण आईच्या आधारला जोडलेला नंबर वडिलांचा जुना, ते गेल्यावर बंद झालेला. बँक खात्यातून कोड घ्यावा तर खात्यावरचं नाव अजून जुनंच. सही करून पावती स्पीड पोस्टनं बंगळूरला पाठवायचा मार्ग असतो, तो मी शेवटचा म्हणून राखून ठेवला.

आधारला मोबाईल नंबर जोडायला कागद लागत नाही, बोटाचा ठसा आणि ५० रुपये लागायचे. आणि हे काम पोस्टमन घरी येऊन करतात हे फार कमी लोकांना माहीत आहे. पोस्टात सांगून ठेवलं, दोन दिवसांनी ते घरी आले. मोबाईलला जोडलेलं छोटं यंत्र त्यांनी चौरंगावर ठेवलं. आईचा उजवा अंगठा लागेना. डावा लागेना. आयुष्यभर चुलीपुढं भाकऱ्या थापून आणि राखेनं भांडी घासून रेषाच गेलेल्या. पोस्टमन म्हणाले, “मावशी, घाई नाही, हात धुऊन कोरडा करून या.” तिनं हात धुतले, थोडं खोबरेल चोळलं, पुसलं. एकेक बोट लावत गेलो. डाव्या हाताची अनामिका लागली आणि यंत्रावर हिरवा दिवा आला. त्या माणसाच्या धीराबद्दल मला आजही मनापासून आदर आहे. बाहेर बोलेरोत डाकेच्या पिशव्या पडल्या असताना अर्धा तास ते आईच्या बोटांसाठी बसले होते.

आठवड्याभरात ओटीपी येऊ लागला. रिटर्न भरल्यापासून १९ व्या दिवशी आईनं चष्मा लावून तो स्वतः वाचला, दोन-दोन आकडे करून, जशी ती पूर्वी दुधाचा हिशेब वाचायची तशी. रिटर्न व्हेरिफाय झाला.

पोर्टलबद्दल म्हणाल तर या टप्प्यावर मला ते चांगलं वाटलं. कुठलं काम कुठवर आलंय ते तारखेसकट दिसतं. सप्टेंबरमध्ये रिटर्न तपासल्याची, कलम १४३(१) ची सूचना मेलवर आली. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरात आणि लगेच पुढं जन्मतारीख. आत आमचा हिशेब आणि त्यांचा हिशेब शेजारी शेजारी असतो, पट्टीसारखा. कर शून्य, परतावा २४,५०० आणि वर थोडं व्याज. व्याज महिन्याला अर्धा टक्का मिळतं. आमच्या बाबतीत पॅन निष्क्रिय होतं तो काळ त्यातून गेला, म्हणून रक्कम चारशेच्या आतच राहिली.

आठ दिवसांनी पोर्टलवर स्थिती बदलली: रिफंड अयशस्वी. रिफंड जमा होण्यासाठी खातं पोर्टलवर आधी प्रमाणित झालेलं लागतं आणि खात्यावरचं नाव पॅनशी जुळावं लागतं. पॅन बदललं, पासबुक तसंच राहिलं होतं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली ही सर्वांत महाग चूक. पॅन हातात आलं त्याच दिवशी बँकेत जायला हवं होतं.

बँकेत चार चकरा झाल्या. पहिल्यांदा फॉर्म संपले होते, दुसऱ्यांदा सही करणारे साहेब रजेवर, तिसऱ्यांदा केवायसी झाली पण ‘बाई’ राहून गेलं. चौथ्यांदा मी आधारची झेरॉक्स काउंटरवर ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून दाखवलं आणि समोर टाइप होईपर्यंत हललो नाही. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण असं कुठल्याही शाखेत घडू शकतं. तुम्हीही तसंच करा. स्पेलिंग तोंडी सांगू नका, कागद समोर ठेवा.

याच वाट पाहण्याच्या दिवसांत आईच्या फोनवर संदेश आला: तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खातं क्रमांक चुकीचा आहे, खालच्या लिंकवर दुरुस्त करा. तुम्हीच विचार करा, आमचा परतावा खरंच अडकला होता आणि खातंही खरंच चुकलं होतं. आईनं मला दुकानात फोन केला म्हणून वाचलो. २०२३ मध्ये १५,४९० रुपयांच्या परताव्याचा असाच संदेश फिरला होता आणि तो खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं जाहीर केलं होतं. आयकर विभाग मेलवरून किंवा फोनवरून पिन, पासवर्ड, कार्डाचा तपशील मागत नाही. नोटीस खरी की खोटी हे पोर्टलच्या पहिल्याच पानावर लॉगिन न करता तपासता येतं, तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक टाकून. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर तो क्रमांक असतो. मी आता घरात एकच नियम केलाय: लिंक दाबायची नाही, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करायचा, आत खरंच काही असेल तर तिथं दिसेल. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, उशीर केलात तर पैसे पुढच्या खात्यांतून पसार होतात.

डिसेंबरमध्ये खातं प्रमाणित झालं. त्यानंतर रिफंड आपोआप येत नाही, ‘रिफंड री-इश्यू’ची विनंती टाकावी लागते. ती टाकली, परत ओटीपी, परत आईचे दोन-दोन आकडे. जानेवारी २०२५ मध्ये पैसे आले. मधल्या काळात यार्डातल्या एकाचा रिफंड मात्र वेगळ्याच कारणानं अडला होता: त्याच्यावर जुन्या वर्षाची थकबाकी दिसत होती. तेव्हाच्या कलम २४५ खाली तशी सूचना यायची आणि मान्य की अमान्य हे पोर्टलवर सांगावं लागायचं. त्यानं सूचना वाचलीच नव्हती. तेव्हा महिन्यातून एकदा तरी लॉगिन करून ‘प्रलंबित कामं’ बघत जा. आणि नुसता उशीर होत असेल, नोटीस काही नसेल, तर घाबरू नका. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरला ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत तो तपासायची मुदत असते.

पुढच्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा अनुभव एवढ्यासाठी सांगतो की फरक कळावा. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीचे ७ हजार कापलेले होते, पुढं १५एच चालू लागल्यावर कपात थांबली. रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती, आम्ही ऑगस्टच्या शेवटी भरला. ओटीपी त्याच मिनिटाला आला. १७ दिवसांत ७ हजार रुपये खात्यात होते. तेच पोर्टल, तीच आई, फक्त तिन्ही कागदांवर नाव एक झालेलं.

पत्रिका मामांना परत द्यायला गेलो होतो, त्यांनी घेतली नाही. म्हणाले, आता ती तुमच्याकडंच शोभते. ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅन, आधार आणि पासबुकासोबत ठेवलीय, वरच्या मजल्यावर, २०१९ ला पाणी जिथवर आलं होतं त्याच्या बरंच वर.