पुडीवरचा 1800-11-2356: फोन करावा का?

तंबाखूच्या पुडीवर, धोक्याच्या चित्राबरोबर हा नंबर 2018 च्या सप्टेंबरपासून सक्तीने छापला जातो. तंबाखू सोडायला मदत करणारी ही फोनसेवा दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटने 2016 मध्ये सुरू केली. पुढे टाटा मेमोरियलसारखी केंद्रं जोडली गेली, त्यामुळे मराठीतही बोलता येतं. पैसे लागत नाहीत. वेळ सकाळी 8 ते रात्री 8, सोमवारी बंद. आपल्याकडे "सोमवारपासून सोडतो" म्हणायची पद्धत, म्हणून हे आधीच सांगितलं. तारीख मंगळवारची धरा.

समुपदेशक काय खाता, किती, कधीपासून हे विचारतात आणि सोडायचा दिवस ठरवून घेतात. नंतर विचारपूस करायला त्यांचाच फोन येतो. सेवेचा खरा उपयोग इथेच आहे, कारण पहिले दोन-तीन दिवस तलफ सगळ्यात जास्त छळते. माहिती मात्र नेमकी द्या: दिवसाला किती पुड्या, आणि उठल्यावर किती वेळात पहिला बार. चुना किती, हेही सांगा. चुन्यामुळे तोंडातला अल्कलीपणा वाढतो आणि निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात जातं. पुड्या तेवढ्याच राहून चुना वाढला असेल, तरी सवय वाढलेलीच असते.

फोनवर सल्ला मिळतो, औषध नाही. निकोटीन गम 2 मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 चा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल तर साधारण 4 चा लागतो. गम फसतो तो चघळण्यात. बडीशेपेसारखा चावत सुटलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. उचकी आणि जळजळ येते, तलफ तशीच. तिखट चव किंवा झिणझिणी येईपर्यंत सावकाश चावा, मग बार धरता तिथेच गालात धरून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा. असा अर्धा तास. गममध्येही चुन्यासारखंच काम करणारा क्षार असतो आणि आंबट पदार्थ तो मारतात. त्यामुळे आधीची 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, लिंबूसोडा, लिंबू पिळलेली मिसळ बंद. तोंड तीन बोटं उघडत नसेल तर गम नको. आधी दंतवैद्याला दाखवा.

उणीव नंबर पोचण्यात आहे. सुटी विडी-सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, पण पानपट्टीवर सुटी घेणाऱ्याच्या हाती पाकीटच येत नाही. मिश्रीचं तर त्याहून अवघड. सुटी तंबाखू आणून घरी तव्यावर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. त्या डबीवर ना चित्र ना नंबर, आणि दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असं वाटतही नाही. तिच्या वतीने घरातल्या कुणीतरी नंबर लावून द्यावा आणि "मिश्री" असंच सांगावं. "दात घासायची पावडर" म्हटलं की पुढचे प्रश्न चुकतात.