ऑटो कॉन्ट्रास्ट: चालू की बंद?

पुतण्याने निकॉनचा कॅमेरा घेतला आणि विचारलं, "काका, अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग चालू ठेवू की बंद?" ही उजेड-सावलीतला फरक कॅमेऱ्यानेच आटोक्यात ठेवण्याची सोय. भर दुपारी नाशिकच्या रामकुंडावर दोन्ही करून पाहिलं. चालू असताना सावलीतल्या आजींचा चेहरा उजळला, आकाशही पांढरंफटक झालं नाही. बंद केल्यावर चेहरा काळवंडला, पण पायऱ्यांच्या दगडाला काय उठाव आला! काळाराम मंदिराचा काळा दगड तर चालू ठेवल्यावर चक्क राखाडी दिसला. सोय चालू असताना कॅमेरा एक्सपोजर (फोटोसाठी घेतलेला प्रकाश) थोडं कमी करून सावल्या वर उचलतो, म्हणून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० इतका वाढवला की तिथे दाणे येतात. मेहनत? चालू असेल तर जेपीजी तयार. बंद असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) घेऊन रात्री संगणकापुढे बसा.

लग्न-मुंजीच्या घाईत चालू. मंदिरं, संध्याकाळची गोदा आणि एडिटिंगची हौस असेल तर बंदच.