वॉटर कूलिंगमध्ये पाण्याचा क्रम: हिंगणघाटच्या उन्हाळ्यातला अनुभव

गेल्या हिवाळ्यात कॉम्प्युटरला कस्टम वॉटर कूलिंग केलं (म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता पाणी फिरवून काढायची स्वतः जोडलेली सोय), आता पावसाळा सरत आलाय. हिंगणघाटजवळच्या गावात माझं लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचं काम आहे. लगीनसराई एप्रिल-मेची, त्यामुळे रेंडरिंगचा (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचा) सगळ्यात जास्त भार नेमका ४५ अंशांच्या दिवसांतच पडतो.

लूप, म्हणजे पाणी फिरायची बंद वाट, आखताना पहिला प्रश्न येतो तो हाच: पाणी आधी प्रोसेसरला की ग्राफिक्स कार्डाला? कार्डावरून तापून आलेलं पाणी प्रोसेसरला भाजेल, अशी भीती असते. हिशोब करून बघा. दोघांची मिळून ४०० वॅट उष्णता आणि मिनिटाला ३ लिटर पाणी धरलं, तर एका फेरीत पाणी जेमतेम २ अंशांनी तापतं. ते सतत फिरत असल्याने थोड्या वेळात सगळ्या लूपमध्ये जवळपास सारखंच होतं. मी दोन रेडिएटरांच्या (पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळ्यांच्या) मधे कार्ड घालूनही पाहिलं. फरक एखाद्या अंशाचा, नळ्यांचा गुंता मात्र दुप्पट. म्हणून साधा क्रम ठेवला: टाकी, पंप, कार्ड, प्रोसेसर, दोन्ही रेडिएटर, परत टाकी.

टाकीची जागा मात्र सोडू नका. ती पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्या वरच हवी. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती नुसती फिरते, पाणी उचलत नाही, तसंच या पंपाचं. डी५ प्रकारच्या पंपाचं तर बेअरिंगही पाण्यानेच वंगण घेतं, कोरडा चालला की झिजतो. पहिल्यांदा भरताना फक्त पंपालाच करंट द्या आणि कॉम्प्युटरची केस (बाहेरचा डबा) हळूहळू कलती करत हवा काढा. प्रोसेसरच्या ब्लॉकवर (त्याला चिकटून बसणाऱ्या, आतून पाणी जाणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) पाणी आत घेण्याचं तोंड ठरलेलं असतं, तेवढं पाळा. रेडिएटरला सहसा कोणतीही बाजू चालते. सगळ्यात खालच्या जागी टी-फिटिंग (तीन तोंडांचा जोड) लावून पाणी सोडायचा ड्रेन व्हॉल्व्ह बसवा. पाणी बदलायच्या दिवशी त्याची किंमत कळते.

आता नवतप्याचं, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांचं. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, मग लूप कितीही महाग असो. क्रम बदलून जे मिळालं नाही ते खोलीत डेझर्ट कूलर लावून मिळालं, कारण मेमधली कोरडी हवा ताट्यांतून चांगलीच गार होते. कूलरमुळे नळ्यांवर दव धरेल का, असं बरेच जण विचारतात. नाही धरत, पाणी खोलीपेक्षा गरमच असतं. लाइन गेली की कूलर बंद पडतो, म्हणून इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर रेंडर थांबवलेलं बरं. पेटजी प्लास्टिकच्या कडक नळ्या दिसतात छान, पण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात; आपल्याकडे काळी ईपीडीएम रबरी नळी घ्या.

बोअरचं पाणी चुकूनही नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बायोसाइड (शेवाळ-जंतू वाढू न देणारं औषध) आणि गंजरोधक घाला. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका, ॲल्युमिनियम गंजून जातं.

कापसाच्या हंगामात जिनिंगकडून उडणारं तंतू रेडिएटरच्या पात्यांत अडकतं. पुढे जाळी लावा आणि ब्लोअरने आतून बाहेर हवा मारा.